ग्रंथालयाच्या कपाटात सर्व्हर ठेवण्याआधी

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतील सर्व मंडळी,
स.न.वि.वि.

गेल्या सभेच्या इतिवृत्तात चौथा ठराव असा आहे : ‘सभासदांच्या खासगी संभाषणासाठी मंडळाने स्वतःचा सुरक्षित चॅट सर्व्हर घ्यावा व तो ग्रंथालयात ठेवावा.’ तेव्हा हात मीही वर केला होता. घरी आल्यावर मात्र ते कपाट डोळ्यांसमोरून हलेना.

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आपल्या ग्रंथालयात शिरल्यावर डावीकडचं राखाडी लोखंडी कपाट. त्याच्या दारावर, गुडघ्याच्या चार बोटं वर, एक तपकिरी आडवी रेघ आहे. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी चढली, तेव्हाची. साबणाने घासली, थिनरने घासली, जात नाही. खालच्या दोन कप्प्यांत जुने दिवाळी अंक होते. ते आपण गच्चीवर दोऱ्यांवर वाळत घातले, तरी पानं चिकटली ती चिकटलीच. ते कप्पे तेव्हापासून रिकामे आहेत, आणि त्यातल्याच एकात तो सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचे संदेश ज्यातून जातात तो कॉम्प्युटर, बसवायचा असं ठरलंय. जुना डेस्कटॉप एक सभासद फुकट देणार आहेत, त्यांचा भाचा तो ‘सेट’ करून देणार आहे. कुणीतरी म्हणालंही, “आपल्या बडोद्यात आपलं मशीन, चालशे!”

चालशे खरं, पण किती दिवस आणि कुणाच्या भरवशावर, ते सभेत कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. ती चूक या पत्राने सुधारते आहे. पत्र जाहीर लिहितेय, कारण मंडळाच्या ग्रुपवर टाकलं असतं तर दोन तासांत ते गुलाबाच्या फुलांखाली आणि सुप्रभातांखाली गाडलं गेलं असतं.

हा विषय मुळात निघाला तो माझ्या घरातल्या एका प्रकारावरून. माझ्या जाऊबाईंचा बायोप्सीचा रिपोर्ट वैद्यकीय मदत समितीकडे द्यायचा होता. समितीतल्या एकांनी त्याचा फोटो काढला, कोपऱ्यात त्यांचा अंगठा दिसतोय असा, आणि समितीच्या सहा जणांच्या ग्रुपऐवजी मंडळाच्या मोठ्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत काढलाही. संध्याकाळी जाऊबाईंच्या आईंचा सुरतेहून फोन आला, “मला का नाही गं सांगितलंस?” जाऊबाईंनी तोवर आईला काही सांगितलेलंच नव्हतं. त्या माउलीला लेकीचा आजार कळला तो कुणाच्या तरी नणंदेच्या फॉरवर्डवरून.

हे मी कुणाला बोल लावायला सांगत नाही. ज्यांच्या हातून झालं ते नंतर घरी येऊन रडले. सांगायचं ते एवढंच, की जगातला सर्वांत सुरक्षित सर्व्हर आपल्याकडे असता तरी हे झालंच असतं. त्या ग्रुपवरचे संदेश कुलूपबंदच होते. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१६पासून सगळ्या संभाषणांना दोन्ही टोकांचं एन्क्रिप्शन आहे. संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूप लागतं, घेणाऱ्याच्या फोनवर उघडतं, मधल्या टपालवाल्याला आतलं वाचता येत नाही. आमच्या बाबतीत फुटलं ते कुलूप लावलेल्या खोलीच्या आतून. खोलीत साडेतीनशे माणसं होती. त्या यादीत दोन वर्षांपूर्वी गेलेल्या एका आजोबांचा नंबर तसाच होता. मी सहज उघडून पाहिलं, तर त्या नंबरावर कुणा ट्रान्सपोर्टवाल्याच्या ट्रकचा फोटो. बंद पडलेला मोबाइल नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते. तो गृहस्थ आपल्या कोजागरीच्या दुधाची वर्गणी, रक्तदात्यांची यादी आणि माझ्या जाऊबाईंचा रिपोर्ट, सगळं पाहत असेल. बिचाऱ्याला मराठी येत नसावं, एवढाच काय तो दिलासा.

तेव्हा सर्व्हर कुठलाही घ्या, आधी खोल्या लहान करा आणि दारावर यादी ठेवा. हे काम फुकट आहे आणि आजच्या आज होण्यासारखं आहे.

आता सर्व्हरविषयी. मी तीस वर्षं एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात काढली, त्यामुळे आपण मला आणि दोन तरुण सभासदांना ‘बघून सांगा’ म्हणालात. आम्ही सहा आठवडे भाड्याच्या एका छोट्या यंत्रावर वेगवेगळे प्रकार बसवून पाहिले. आमच्यासोबत स्वतःहून अकरा जण आले, त्यातले चार सत्तरीच्या पुढचे. जे दिसलं ते सांगते.

‘स्वतःचा सर्व्हर म्हणजे सुरक्षित’ या वाक्यावर माझा विश्वास उरलेला नाही. परक्या कंपनीच्या सर्व्हरवर आपलं बोलणं असतं तेव्हा भीती एका अनोळखी माणसाची असते. त्याला आपल्या जाहिराती पाहण्याच्या सवयीत रस असेल, पण कुणाच्या सुनेचं माहेरी का राहणं चाललंय यात त्याला काडीचा रस नसतो. तो रस आपल्या माणसांना असतो. सर्व्हर आपला झाला की त्या अनोळखी माणसाच्या जागी ओळखीचा माणूस येतो. ज्याच्याकडे सर्व्हरचा पासवर्ड तो उद्या मंडळाच्या निवडणुकीत उभा राहू शकतो, कुणाचा व्याही होऊ शकतो. कुंपणाने शेत खाल्लं तर फिर्याद कुणाकडे करायची? म्हणून माझी पहिली अट अशी, की सर्व्हर चालवणाऱ्यालाही आतलं वाचता येता कामा नये. त्याच्या सचोटीवर शंका आहे म्हणून नव्हे. त्याला ‘मी वाचू शकत नाही’ असं छातीठोकपणे सांगता यावं म्हणून.

ही अट लावली की बरेच पर्याय आपोआप गळतात. मॅटरमोस्ट आणि झुलिप ही दोन्ही ऑफिसातल्या चॅटची चांगली साधनं आहेत. झुलिपमध्ये विषयवार धागे फार सुबक राहतात, आणि एखाद्या ऑफिसात मी तेच घेईन. पण त्यांत संदेश सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये वाचता येतील असे पडलेले असतात. ऑफिसात ते ठीक, मालकाला तो हक्क असतो. मंडळाला मालक नसतो. टेलिग्रामबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. ‘ते तर सीक्रेट असतं ना’ असं तिघांनी मला विचारलं. तिथली सीक्रेट चॅट फक्त दोघांत होते. ग्रुपला दोन्ही टोकांचं कुलूप नाहीच; तो मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर कंपनीच्या हाती असतो.

उरतात चॅटच्या पद्धतींची दोन घराणी, मॅट्रिक्स आणि एक्सएमपीपी.

मॅट्रिक्स २०१४मध्ये सुरू झालं, आणि नाव मोठं आहे. फ्रान्सच्या सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी त्याच्यावर ‘चॅप’ नावाचं अ‍ॅप उभं केलं, जर्मनीच्या सैन्याचा मेसेंजरही त्यावरच चालतो. त्याचं फोनवरचं मुख्य अ‍ॅप एलिमेंट, सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम सिनॅप्स. दिसायला देखणं, खासगी खोल्यांना २०२०पासून आपसूक कुलूप, कॉम्प्युटरवरही उत्तम चालतं. आमच्यातले दोन्ही तरुण त्याच्या बाजूने होते, आणि पहिले दोन आठवडे मीही.

मग एक एक दिसत गेलं. मे २०२३मध्ये आपल्या केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधल्या सुरक्षेचं कारण देऊन चौदा मेसेजिंग अ‍ॅपवर बंदी घातली. त्या यादीत एलिमेंट आहे. मॅट्रिक्स ही पद्धत म्हणजे एलिमेंट नव्हे, दुसरी अ‍ॅपं त्याच सर्व्हरला जोडता येतात, हे सगळं मला ठाऊक आहे. पण ज्या आजींना मी ‘बंदी आहे ती त्या अ‍ॅपवर, हे वेगळं’ असं समजावणार, त्यांचा मुलगा संध्याकाळी पेपरातली जुनी बातमी काढून दाखवणार आणि दुसऱ्या दिवशी अर्धी मंडळी बाहेर. नोंदणीकृत संस्थेने अशा वादात पडू नये, असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट मॅट्रिक्सच्या घडणीतलीच. तिथल्या एका खोलीत वेगवेगळ्या सर्व्हरवरची माणसं असली, तर त्या खोलीच्या नोंदींची प्रत त्या प्रत्येक सर्व्हरवर जाते. म्हणजे आपण इथे पुसलं तरी तिथे पुसलं जाईल ही फक्त विनंती. बाहेरच्यांना मज्जाव करता येतो, पण खोलीपुरता कायमचा मज्जाव खोली तयार करतानाच करावा लागतो, ती निवड नंतर बदलता येत नाही. शिवाय मजकूर कुलूपबंद असला तरी खोलीचं नाव, आत कोण कोण, कुणी किती वाजता लिहिलं, हे सर्व्हरला दिसतं.

ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, म्हणून ग्रंथालयाच्याच भाषेत सांगते. आपण सयाजीरावांच्या गावचे लोक. १९१०मध्ये महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना आणून गावोगावी ग्रंथालयं उभी केली, पेट्यांतून पुस्तकं खेड्यांत पाठवली. वाचनाची शिस्त आपल्या रक्तात आहे. आता समजा, आपल्या देवघेवीच्या रजिस्टरात पुस्तकाच्या आतलं एक अक्षरही नाही, फक्त नाव, तारीख आणि पुस्तकाचा क्रमांक आहे. एका बाईंनी आठवडाभरात घटस्फोटाच्या कायद्याचं, मग पोटगीचं आणि मग एकट्या पालकांविषयीचं पुस्तक नेलं, तर रजिस्टर चाळणाऱ्याला पुस्तकं उघडावी लागतील का? सर्व्हरच्या नोंदी म्हणजे ते रजिस्टर. ‘वैद्यकीय मदत : मूत्रपिंड’ असं खोलीचं नाव आणि आत नव्याने आलेलं एक नाव, बस. म्हणून खोल्यांची नावं साधी ठेवा. आम्ही चाचणीत ‘पारिजात’, ‘अनंत’, ‘सोनटक्का’ अशी फुलांची ठेवली होती.

आणि तिसरी गोष्ट आमच्या चाचणीतल्या एका काकांच्या फोनची. चाचणीच्या चौथ्या आठवड्यात त्यांचा फोन पाण्याच्या बादलीत पडला. नवा फोन घेतला, मॅट्रिक्सला लॉगिन झालं, आणि जुन्या संदेशांच्या जागी ओळीने एकच वाक्य, हा संदेश उघडता येत नाही. जुने संदेश परत मिळवायला तिथे एक लांबलचक रिकव्हरी की असते. काकांनी ती गॅस बुकिंगच्या डायरीत लिहिली होती, आणि डायरी रद्दीत गेली होती. पुढचं पाठ, मागचं सपाट! एवढं मात्र प्रामाणिकपणे सांगते, की की जपून ठेवली असती तर मॅट्रिक्सने सगळं परत दिलं असतं. मी ज्याची शिफारस करणार आहे त्या पर्यायात ती सोयही नाही. नव्या फोनवर जुने कुलूपबंद संदेश येत नाहीतच. पण तिथे ते पहिल्या दिवसापासून सांगता येतं. ‘की असेल तर मिळेल’ हे सत्तरीच्या माणसाला ‘मिळणार नाही’पेक्षा जास्त त्रासाचं पडतं.

तो पर्याय एक्सएमपीपी. १९९९मध्ये ‘जॅबर’ या नावाने जन्मला. आमच्यातला धाकटा तरुण म्हणाला, “मावशी, हे माझ्यापेक्षा मोठं आहे.” मला ती जमेची बाजू वाटते. त्याचा प्रॉसडी नावाचा सर्व्हर इतका हलका, की आमच्या दोन जीबी मेमरीच्या यंत्रावर तो झोपा काढत होता. सिनॅप्सने त्याच यंत्राला धाप लावली होती. प्रॉसडीवरच बेतलेलं, लहान गटांसाठी तयार केलेलं ‘स्निकेट’ म्हणून पॅकेज आहे. त्यात खातं निमंत्रणाच्या लिंकनेच उघडतं, रस्त्यावरून येणाऱ्याला दारच नाही. फोन नंबर लागत नाही, म्हणजे ट्रकवाल्या गृहस्थांचा प्रश्न मिटला आणि वधू-वर गटातल्या मुलींचे नंबरही साडेतीनशे घरांत जाणार नाहीत. संदेशांना ओमेमो नावाचं कुलूप लागतं, ते सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपच्याच पद्धतीवर बेतलंय. ग्रुप एकाच सर्व्हरवर राहतो, त्याच्या प्रती गावोगाव जात नाहीत. रजिस्टराचा दोष इथेही आहे, सर्व्हरला कोण कुणाशी बोलतं ते कळतं, पण ते रजिस्टर निदान एकाच टेबलावर असतं.

उणीवही सांगते. आयफोनवाल्यांची कुरकुर आमच्याकडे शेवटपर्यंत थांबली नाही. एकींना सूचना उशिरा यायच्या, एकींच्या फोनवर फोटो अडकायचे. स्टिकर फारसे नाहीत. चाचणीत हे ऐकून एका वहिनींनी नापसंतीने मान हलवली ती मी पाहिली.

वैद्यकीय मदत समितीने मात्र कशाचीही वाट पाहू नये. त्यांनी आजच सिग्नलवर जावं. ते ना-नफा संस्थेचं आहे. २०२४पासून तिथे युजरनेम घेऊन आपला नंबर इतरांपासून लपवता येतो. नोंदणीला नंबर लागतोच, पण ग्रुपमध्ये कोण आहे हे त्यांच्या सर्व्हरलाही उघडपणे कळत नाही. म्हणजे रजिस्टरच नाही. संदेश चार आठवड्यांनी आपोआप पुसायला लावा. सहा जणांच्या समितीसाठी आपला सर्व्हर उभा करणं म्हणजे शेव-उसळीसाठी भटारखाना बांधणं.

आणि मोठा ग्रुप आहे तसा व्हॉट्सअ‍ॅपवर राहू द्या. गणपतीची आरती किती वाजता, हे गुपित नाही. फक्त तिथे रिपोर्ट, बायोडाटा आणि लहान मुलांची माहिती टाकू नका. डेटा संरक्षणाचा २०२३चा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो, आणि आपल्या बालनाट्याच्या यादीत मुलांच्या जन्मतारखा आणि शाळा सर्रास फिरतात. शिवाय फोनचा बॅकअप क्लाउडवर जात असेल तर त्यालाही कुलूप लावण्याची सोय तिथे २०२१पासून आहे. ते आपल्यालाच सुरू करावं लागतं.

आता कपाटाकडे परत येते. २०२४च्या त्या तीन दिवसांत काय झालं आठवा. आजवा धरणाचं पाणी, वरून पाऊस, विश्वामित्री रस्त्यावर आणि तिच्याबरोबर मगरी. वीज नाही, फोनची बॅटरी बारा टक्के, आणि कुणाच्या वडिलांचा ऑक्सिजन कुठे भरून मिळेल याची विचारपूस आपल्याच ग्रुपवर चाललेली. सर्व्हर त्या कपाटात असता तर नेमका तेव्हाच तो पाण्याखाली असता. पाणी नसतं आलं तरी वीज नव्हतीच. तेव्हा यंत्र मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्या आणि रोजची कुलूपबंद प्रत तिसऱ्या गावी जाऊ द्या. दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे न वाजवलेला नारळ, आत पाणी आहे की नाही कुणास ठाऊक. आणि रक्तदाते, डॉक्टर, होडीवाले यांची छापील यादी प्रत्येक घराच्या दारामागे असू द्या. बॅटरी संपली की सगळे सर्व्हर सारखेच.

यापेक्षा मला जास्त काळजी नावाची वाटते. सर्व्हरचा पत्ता ज्या डोमेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या नोंदवलेल्या नावावर, असतो, तेच सभासदांच्या खात्याचं आडनाव होतं, आणि ते नंतर बदलणं म्हणजे सगळ्यांचं बारसं पुन्हा. आपल्या जुन्या वेबसाइटचं काय झालं? डोमेन एका माजी पदाधिकाऱ्यांच्या मुलाच्या खासगी ईमेलवर घेतलेलं होतं. मुलगा कॅनडाला गेला, नूतनीकरणाचं पत्र त्या ईमेलवर येत राहिलं, ते कुणी उघडलं नाही. आज आपल्या मंडळाच्या नावावर टिचकी मारली की ऑनलाइन रमीची जाहिरात येते. ज्याच्या हाती ससा तो पारधी. म्हणून डोमेन मंडळाच्या नावाने, मंडळाच्या ईमेलवर, एकदम पाच वर्षांसाठी घ्या, आणि पावती खजिनदारांच्या फाइलला लावा.

माणसं दोन हवीत. एक कार्यकारिणीतला आणि एक बाहेरचा, दोघांकडे स्वतंत्र लॉगिन, ‘अ‍ॅडमिन’ नावाचा सामाईक पासवर्ड नको. दर आठवड्याला अर्धा तास अपडेट पाहायचे. सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं, पण फार तर नव्वद दिवसांचंच असतं. ते आपोआप नवं होतं असं धरून चालतात आणि एका रविवारी सगळ्यांचं चॅट बंद पडतं. आमच्या चाचणीत एक माणूस दोन आठवडे लग्नाला गेला तर कुणी काही पाहिलं नाही. आपल्याकडची हुशार पोरं बाहेर जातात, जाणारच. म्हणून सगळी कृती मराठीत, कागदावर, पायरीपायरीने लिहून ठेवलेली हवी, म्हणजे पुढच्याला ती वाचून काम करता येईल. ती वही मी लिहायला घेतली आहे, बावीस पानं झाली आहेत.

भाचेसाहेबांवर माझा राग नाही, तो मुलगा कामाचा आहे. दोघांपैकी बाहेरचा माणूस म्हणून त्याचंच नाव मी सुचवते. फक्त मशीन त्याने ठरवू नये.

तेव्हा चौथ्या ठरावातले ‘तो ग्रंथालयात ठेवावा’ हे शब्द येत्या सभेत काढावेत, खर्चासाठी वर्षाची तरतूद करावी आणि नव्या सर्व्हरवर पहिले तीन महिने फक्त वधू-वर गट आणावा, एवढी माझी मागणी आहे. ज्यांना स्निकेट पाहायचं आहे त्यांनी रविवारी दहा वाजता फोन पूर्ण चार्ज करून ग्रंथालयात यावं. आयफोनवाल्यांनी साडेनऊला यावं, वेळ लागतो.

कपाटाची किल्ली पुरापासून माझ्याकडेच राहून गेली आहे. तीही रविवारी घेऊन येते.

आपली,
वैद्यकीय मदत समितीतील एक सभासद,
कारेलीबाग, बडोदे